ऑक्सफर्ड येथील भाडे व वास्तव्य : काही संज्ञांचा ऐतिहासिक विचार

विद्यापीठांचे इतिहास बहुधा तेथील आचार्यांवरून, ग्रंथालयांवरून आणि वादविवादांवरून लिहिले जातात. शिकावयास आलेला मनुष्य रात्री कोठे निजत असे आणि त्याबद्दल कोणास काय देत असे, हा प्रश्न त्या मानाने गौण समजला जातो. ऑक्सफर्डच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. कारण त्या विद्यापीठाच्या सनदी कागदपत्रांत जो सर्वांत जुना गणला जातो, तो इ. स. १२१४ मधील लेख मुख्यतः घरभाड्याविषयीचा आहे. एवढेच नव्हे, तर ज्या प्रसंगातून तो लेख निर्माण झाला, त्याच्याही मुळाशी भाड्याचे एक घर होते.

हा प्रसंग १२०९ मधील होय. रॉजर ऑफ वेन्डोव्हर ह्या इंग्रज बखरकाराने तो नोंदवून ठेविला आहे. एका विद्यार्थ्याच्या हातून एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तो पळून गेला. नगराचे अधिकारी त्याच्या बिऱ्हाडी आले, तेव्हा तो सापडला नाही. परंतु त्याच्याबरोबर ते घर भाड्याने घेऊन राहणारे तीन सोबती सापडले. त्यांना पकडण्यात आले आणि थोड्याच दिवसांत, जॉन राजाच्या संमतीने, फाशी देण्यात आले. ह्याच्या निषेधार्थ अध्यापक व विद्यार्थी नगर सोडून निघून गेले व त्यांपैकी काहींनी केंब्रिज गाठले; तेथील विद्यापीठाचा आरंभ ह्याच घटनेपासून धरतात. वेन्डोव्हरने गेलेल्यांची संख्या तीन हजार दिली आहे. बखरकारांच्या आकड्यांस जेवढे महत्त्व द्यावयाचे तेवढेच तिलाही द्यावे. परंतु फाशी गेलेल्या तिघांचा त्या कृत्याशी असलेला संबंध एका छपराखाली राहण्यापलीकडे बखरकार काही सांगत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

राजा व पोप ह्यांचा कलह मिटल्यावर पोपचा प्रतिनिधी निकोलस, टस्क्युलमचा बिशप, ह्याने १२१४ मध्ये नगरवासीयांवर जे दंड बसविले, त्यांत पहिले स्थान भाड्यास आहे. विद्यार्थ्यांस दिलेल्या ज्या घरांचे भाडे पूर्वी उभयपक्षी ठरले होते, त्या घरांचे निम्मे भाडे दहा वर्षे माफ करावे. पुढील दहा वर्षे जुन्या दरानेच भाडे घ्यावे. आणि ज्या घरांचा दर ठरलेला नव्हता, त्यांचा दर चार अध्यापक व चार नागरिक ह्यांनी मिळून ठरवावा. ह्याशिवाय दरसाल ५२ शिलिंग गरीब विद्यार्थ्यांसाठी द्यावे व संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांस जेवू घालावे, असेही त्यात आहे. प्रायश्चित्त म्हणून भाडे निम्मे करण्याचा हा दंड आजच्या वाचकास काहीसा विचित्र वाटेल; पण ज्या गावाचे उत्पन्नच खोल्या देण्यावर चालत होते, त्या गावास लागेल अशी शिक्षा हीच होती.

मूळ लॅटिनमध्ये ह्या घरांसाठी ‘हॉस्पिटियम’ हा शब्द येतो. तो ज्या ‘हॉस्पेस’ शब्दापासून सिद्ध होतो, त्याचे अर्थ दोन : पाहुणा आणि पाहुण्यास ठेवून घेणारा यजमान. एकच शब्द व्यवहाराच्या दोन्ही बाजूंस लागावा, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकास परिचित आहे. त्याच धातुकुळातील ‘होस्टिस’ ह्या शब्दाचा अर्थ प्रथम ‘परका’ व पुढे ‘शत्रू’ असा झाला. हॉस्टेल, हॉटेल, हॉस्पिटल हे आज मराठीत सर्रास वावरणारे शब्द ह्याच कुळातील होत. मराठीतील ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’पासून प्राकृतमार्गे आलेला असून त्यात पाहुणचाराचा लवलेश नाही; तो शुद्ध व्यवहाराचा शब्द आहे. इंग्रजीतील ‘रेंट’ हाही तसाच : जे परत द्यावयाचे ते. ‘बिऱ्हाड’ मात्र कानडीतून आलेला मुक्कामाचा, तळाचा शब्द; त्यात आज आहे व उद्या हलावयाचे आहे, हा भाव मुळातच आहे. विद्यार्थ्याच्या घरास मराठीत हा शब्द जितका नेमका लागू पडतो, तितका इंग्रजीतील कोणताही शब्द पडत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

भाडे मिश्र मंडळाने ठरवावे, ही प्रथा पुढे स्थिर झाली. १२३१ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाने केंब्रिजच्या नगराधिकाऱ्यांस आज्ञापत्र पाठवून दोन अध्यापक व दोन प्रतिष्ठित नागरिक ह्यांच्या हस्ते भाडे ठरविण्यास सांगितले. ह्या निर्धारकांस ‘टॅक्सॉर’ म्हणत. ‘टॅक्स’ ह्या शब्दाचा ‘मोल ठरविणे’ हा मूळ अर्थ त्यात जिवंत आहे. ह्या व्यवस्थेत भाड्याचे माप म्हणजे पूर्वीचा संमत दर. गरजू मनुष्य अखेर किती द्यावयास तयार होईल, हे माप नव्हे. शिवाय एकदा विद्यार्थ्यांस दिलेले घर, भाडे वेळेवर मिळत असता, मालकाने सहजासहजी इतरांस देऊ नये, असाही विद्यापीठाचा आग्रह असे. घर एकदा विद्येच्या उपयोगात गेले की ते तेथेच राहावे, हे त्यामागील धोरण. ह्या धोरणाचा प्रतिध्वनी आठशे वर्षांनंतर अगदी उलट दिशेने कसा ऐकू येतो, ते पुढे दिसेल.

चौदाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये अशी शंभराहून अधिक घरे होती. त्यांस ‘हॉल’ म्हणत. हॉल म्हणजे कोणतीही दानधर्मादाय संस्था नव्हे. एखाद्या अध्यापकाने वा पदवीधराने एक घर भाड्याने घ्यावे, भाड्याबद्दल कुलपतीपुढे जामीन वा तारण द्यावे, आणि त्यात विद्यार्थी ठेवावेत, एवढाच तो व्यवहार. तारण देणारा तो ‘प्रिन्सिपल’. महाविद्यालयाच्या प्रमुखास आज मोठ्या आदराने लावली जाणारी ही संज्ञा ऑक्सफर्डात मुळात मुख्य भाडेकरूची होती, हे कित्येक प्राचार्यांस ठाऊक नसावे. हे तारण दरसाल सप्टेंबरच्या आरंभी नव्याने द्यावे लागे. ह्या हॉलांपैकी सेंट एडमंड हॉल एवढेच एक मध्ययुगापासून आपल्या नावासह टिकले. त्यास कॉलेजचा दर्जा १९५७ मध्ये मिळाला, परंतु नाव त्याने बदलले नाही.

हॉलात न राहता नागरिकांच्या घरी एखादी खोली घेऊन राहणारा जो विद्यार्थी, त्यास ‘चेंबरडीकन’ म्हणत. हा शब्द ‘खोलीत राहणारा’ अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दसमूहाचा अपभ्रंश असावा, असे एक मत आहे. ते खरे असेल तर ‘डीकन’ ह्या परिचित धर्मपदाच्या साम्याने मूळ रूप झाकले गेले, असे म्हणावे लागेल. लोकव्युत्पत्तीचे असे नमुने सर्वच भाषांत आढळतात. शब्द कसाही आलेला असो, त्यात निंदा होती. हे लोक दिवसा झोपतात व रात्री मद्यगृहांत भटकतात, असा आक्षेप असे. आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठाने प्रत्येकाने कोणत्या तरी हॉलात वा कॉलेजात, प्रमुखाच्या देखरेखीखाली, राहिलेच पाहिजे असा नियम केला. तत्पूर्वी १३५५ मध्ये, १० फेब्रुवारी रोजी, एका मद्यगृहातील दारूच्या प्रतीवरून सुरू झालेल्या दंगलीत साठांहून अधिक विद्यार्थी मारले गेले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेता नियमामागील भीती समजते. भिंत व दरवाजा असलेले, स्वतःच्या मालकीच्या जागेत उभे असलेले कॉलेज हे ह्या भीतीचेच वास्तुरूप उत्तर होय. प्लेगनंतर ओस पडलेले हॉल कॉलेजांनी हळूहळू गिळले. काहींची नावे तेवढी राहिली.

येथून ऑक्सफर्डच्या भाषेत ‘आत राहणे’ व ‘बाहेर राहणे’ हा भेद रूढ झाला. बाहेर म्हणजे गावात. आणि आत म्हणजे कॉलेजात, जेथे पत्ता मजल्यावरून वा रस्त्यावरून न सांगता जिन्यावरून सांगतात. आतील बिलास ‘बॅटल्स’ म्हणतात. त्यात खोली, जेवण व इतर देणी एकत्र येतात, व तेथे ‘भाडे’ हा शब्द पुष्कळदा मागे पडतो. खोली आवरणाऱ्या सेवकाचे नाव ऑक्सफर्डमध्ये एक, केंब्रिजमध्ये दुसरे. ह्या बोलीचे कौतुक करणारे लिखाण विपुल आहे, म्हणून तिचा येथे अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. ज्या घरात राहावयाचे त्याच्या व्यवहारास इतकी खाजगी शब्दकळा असली, की ती न जाणणारा मनुष्य नेमका कोणता हक्क आपणास आहे हे विचारू शकत नाही, एवढेच तिच्याविषयी सांगण्याजोगे.

१८६८ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. कॉलेजाचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांस कोणत्याही कॉलेजात नाव न घालता, विद्यापीठाने परवाना दिलेल्या घरात राहून शिकण्याची मुभा मिळाली. ह्या ‘असंलग्न’ विद्यार्थ्यांच्या संस्थेतूनच पुढे १९६२ मध्ये सेंट कॅथरिन्स कॉलेज उभे राहिले. केंब्रिजमध्ये १८६९ मध्ये ह्याच हेतूने निघालेली संस्था पुढे फिट्झविल्यम हाउस म्हणून ओळखली जाऊ लागली. तिला कॉलेजपद मिळाले ते १९६६ मध्ये. मराठी वाचकांस ते नाव अपरिचित नाही, कारण जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते ह्याच संस्थेचे विद्यार्थी म्हणून. स्त्रियांच्या बाबतीतही असेच : १८७९ पासून गावातील कुटुंबांत राहून शिकणाऱ्या ‘होम-स्टूडंट्स’च्या मंडळातून १९५२ मध्ये सेंट ॲन्स कॉलेज झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आल्या, तेव्हा त्या ज्या संस्थेत राहिल्या तिचे नाव ‘सॉमरव्हिल हॉल’ असे होते. ‘कॉलेज’ हा शब्द तिने १८९४ मध्ये घेतला. हॉल आणि कॉलेज ह्यांतील मध्ययुगीन उच्चनीचभाव शब्दांच्या रूपाने एकोणिसाव्या शतकातही शिल्लक होता, ह्याचा हा पुरावा.

परवान्याच्या घरांची घरमालकीण ही ह्या काळातील मध्यवर्ती व्यक्ती होय. ती खोली देई, न्याहारी करी, आणि रात्री ठराविक वेळी दार लावून उशिरा येणाऱ्याची वर्दीही देई. म्हणजे भाडे घेणारी व पहारा करणारी व्यक्ती एकच. विद्यार्थी आपल्या अशा खोलीस ‘डिग्ज’ म्हणत. हा शब्द ‘डिगिंग्ज’, म्हणजे खणण्याची जागा, ह्याचा संक्षेप. अमेरिकेत तो खाणींच्या परिसरातून ‘राहण्याचे ठिकाण’ ह्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात प्रचारात आला. सोने शोधणाऱ्याचा तात्पुरता तळ आणि पदवी शोधणाऱ्याची खोली ह्यांस एकच नाव पडले, ते ‘बिऱ्हाड’ शब्दाच्या अर्थच्छटेशी जुळणारे आहे. ही पहाऱ्याची पद्धत मागे पडण्यास जी कारणे झाली, त्यांत एक कायद्याचे : १ जानेवारी १९७० पासून इंग्लंडमध्ये सज्ञानतेचे वय २१ वरून १८ वर आले, आणि विद्यार्थी अज्ञान आहे ह्या गृहीतावर उभी असलेली पालकत्वाची व्यवस्था आधारहीन झाली.

मधल्या काळात गाव वाढले होते. विद्यापीठाचे मुद्रणालय १८३० मध्ये वॉल्टन स्ट्रीटवर गेले आणि त्याच्या कामगारांसाठी जेरिको नावाची वस्ती झाली. उत्तरेस सेंट जॉन्स कॉलेजाने आपल्या जमिनीवर १८६० च्या सुमारापासून दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी मोठे बंगले बांधू दिले. हे बंगले लग्नाची परवानगी मिळालेल्या फेलोंसाठी बांधले गेले, अशी समजूत रूढ आहे. परंतु ती परवानगी सर्वसामान्यपणे मिळू लागली १८७७ नंतरच्या सुधारणांनी, आणि पहिल्या पट्टेदारांत व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. पूर्वेस काउलीचा मोटारकारखाना १९१३ पासून वाढला व त्याबरोबर कामगारांच्या घरांच्या रांगा. १९३४ मध्ये उत्तरेकडील कटस्लो येथे खाजगी घरांच्या विकासकाने शेजारच्या नगरपालिकेच्या भाडेकरूंस वाट मिळू नये म्हणून रस्त्यावर आडव्या दोन भिंती घातल्या. त्या १९५९ मध्ये पाडण्यात आल्या. ‘आत’ व ‘बाहेर’ हा भेद केवळ कॉलेजांपुरता नव्हता, हे त्या भिंतींनी पंचवीस वर्षे दाखविले.

गाव वाढले तरी फार वाढू शकत नाही, हीच आजच्या महागाईची मुख्य गोष्ट. थेम्स व चर्वेल ह्या दोन नद्यांची पूरकुरणे गावाच्या पोटात शिरली आहेत. भोवती हरितपट्टा आहे. आणि मनोऱ्यांचे दर्शन अबाधित राहावे म्हणून कारफॅक्स चौकापासून १,२०० मीटरांच्या आत १८.२ मीटरांहून उंच बांधण्यास सामान्यतः बंदी आहे. कारफॅक्स हा शब्दच ‘चार फाटे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. ह्याच चौकापासून विद्यापीठ अंतरे मोजते : पदवीपूर्व विद्यार्थ्याने सत्रात त्यापासून सहा मैलांच्या आत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याने पंचवीस मैलांच्या आत राहिले पाहिजे. म्हणजे ज्या गावात घर मिळणे कठीण, त्याच गावाच्या परिसरात राहिल्याखेरीज पदवी नाही. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६२ हजार होती, आणि जुन्या विद्यापीठाखेरीज १९९२ पासून ब्रूक्स हे दुसरे विद्यापीठही तेथे आहे.

परिणाम असा झाला की काउली रस्त्याच्या बाजूची कामगारांची घरे मालकांनी खोल्याखोल्यांनी विद्यार्थ्यांस देण्यास प्रारंभ केला. चार विद्यार्थी मिळून जे भाडे देतात, ते एका कामगार कुटुंबास परवडत नाही. हा हिशेब सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. तेव्हा नगरपालिकेने २०११ पासून अशा प्रत्येक सामाईक घरास परवाना आवश्यक केला, आणि फेब्रुवारी २०१२ पासून कौटुंबिक घराचे सामाईक घरात रूपांतर करण्यास स्वतंत्र नियोजन-परवानगी लागू केली. रस्त्याच्या १०० मीटर लांबीत अशा घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक होऊ नये, असा निकष ठेवला. शिवाय २०११ च्या नियोजन-आराखड्यात प्रत्येक विद्यापीठाचे ३,००० हून अधिक पूर्णवेळ विद्यार्थी विद्यापीठाच्या निवासांबाहेर राहू नयेत, अशी अट घालण्यात आली. तेराव्या शतकात विद्यार्थ्यांच्या हातचे घर नागरिकांकडे परत जाऊ नये म्हणून विद्यापीठ दक्ष होते. एकविसाव्या शतकात नागरिकांचे घर विद्यार्थ्यांकडे जाऊ नये म्हणून नगरपालिका दक्ष आहे. दोन्ही नियमांचा हेतू दुर्बळ पक्षाचे रक्षण हाच. दुर्बळ कोण, ह्याचे उत्तर तेवढे बदलले आहे. आणि ते सर्वस्वी बदलले आहे असे मात्र एखाद्या परदेशी विद्यार्थ्यास वाटणार नाही.

कारण कायद्याच्या दृष्टीने तो नेमका कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. इंग्रजी कायद्यात ‘टेनन्सी’ म्हणजे भाडेपट्टा आणि ‘लायसन्स’ म्हणजे केवळ राहण्याची अनुज्ञा. पहिलीत घरावर काही अधिकार उत्पन्न होतो. दुसरीत होत नाही. साहजिकच पुष्कळ मालक करारावर ‘लायसन्स’ असा मथळा घालीत. १९८५ मध्ये स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड ह्या खटल्यात उमरावसभेच्या न्यायपीठापुढे हाच प्रश्न आला. लॉर्ड टेम्पलमन ह्यांचा निर्णय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. खणण्यासाठी पाच दातांचे अवजार घडविले, तर ते दाताळेच होय. घडविणाऱ्याने आपण फावडे घडविले असा कितीही आग्रह धरला तरी त्याचे फावडे होत नाही, असा त्यांच्या दृष्टान्ताचा आशय. मुदत, भाडे आणि जागेचा अनन्य ताबा ही तीन लक्षणे असली की सामान्यतः तो भाडेपट्टा. नाव काही असो. नामापेक्षा लक्षणास प्राधान्य देणारा हा निर्णय नैयायिकांसही रुचला असता.

तथापि कॉलेजात राहणाऱ्यास ह्या निर्णयाचा लाभ फारसा नाही. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार विहित शैक्षणिक संस्थेने आपल्याच विद्यार्थ्यास दिलेली जागा संरक्षित भाडेपट्ट्यांतून वगळलेली आहे. आतला विद्यार्थी अशा रीतीने कायद्याच्या बाहेर, आणि बाहेरचा विद्यार्थी कायद्याच्या आत, अशी स्थिती उत्पन्न झाली. बाहेरच्यास २००७ पासून अनामत रकमेच्या संरक्षणाची सोय मिळाली. २०१९ च्या कायद्याने ती रक्कम, वार्षिक भाडे ५० हजार पौंडांखाली असता, पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित झाली. पण त्याच्या करारात बहुधा आणखी एक कलम असते : ‘संयुक्त व पृथक दायित्व’. घर घेणाऱ्या चौघांपैकी एकाने भाडे बुडविले, वा तो निघून गेला, तर उरलेल्या तिघांकडून ते सर्व वसूल करता येते. १२०९ मधील तिघांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही, जरी आज केवळ पैशावर निभावत असले.

इंग्लंडमध्ये जामीन देणारे कोणी नसलेल्या परदेशी विद्यार्थ्याकडून सहा सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची प्रथा होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संमत झालेल्या भाडेकरूंच्या हक्कांच्या कायद्याने ही मागणी एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली, ठराविक मुदतीचे करार रद्द केले, व कारण न देता घर सोडावयास लावण्याचा मालकाचा अधिकार काढून घेतला. ही कलमे अमलात आणण्यासाठी १ मे २०२६ हा दिवस ठरविण्यात आला. वाढीव भाड्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता येते, परंतु त्याचे माप बाजारभाव हेच आहे. टॅक्सॉरांचे जुना संमत दर हे माप परत आलेले नाही. ह्याच कायद्यात विद्यार्थ्यांच्या सामाईक घरांपुरता एक अपवादही आहे. घर पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांस देता यावे म्हणून मालकास चार महिन्यांची सूचना देऊन ते परत मागता येते. परंतु रिकामे करण्याचा दिवस १ जून ते ३० सप्टेंबर ह्यांच्या दरम्यानच पडला पाहिजे, आणि राहावयास येण्यापूर्वी सहा महिन्यांहून आधी करार करून घेतला असल्यास ही सवलत मालकास मिळत नाही. ऑक्सफर्डमध्ये पुढील वर्षाच्या घरांचे करार आदल्या वर्षीच्या पहिल्या सत्रातच करण्याचा जो रिवाज पडला होता, त्यास ह्या शेवटच्या अटीने आळा बसावा, अशी योजना दिसते. हॉलांचे प्रिन्सिपल ज्या महिन्यात कुलपतीपुढे तारण घेऊन जात, तो सप्टेंबर ह्या अवधीचा शेवटचा महिना आहे.